सातवीचे हस्तलिखित : कविता शिकवताना ठेवलेल्या नोंदी

4 जुलै 2024

सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सातवीला मराठी शिकवतो. वर्गाचा पट 31 आहे. यंदा असे ठरवले आहे की आठवड्यातल्या दोन तासिका फक्त कवितेला द्यायच्या आणि 27 फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात मुलांच्या कवितांचे एक हस्तलिखित गावासमोर ठेवायचे. असे काम दुसऱ्या कुणाला करायचे असेल तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवत आहे.

पहिल्याच तासाला चूक झाली. बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता घेतली आणि वाचण्याआधीच फळ्यावर शब्दार्थ, मध्यवर्ती कल्पना, कवीचा परिचय असे सगळे लिहून काढले. तासिका पस्तीस मिनिटांची असते आणि त्यांतली पंचवीस मिनिटे लिहून घेण्यात गेली. मुलांनी वळणदार अक्षरात सगळे उतरवले, पण एकानेही काही विचारले नाही. ज्या तासाला सातवीचा वर्ग एकही प्रश्न विचारत नाही, त्या तासाला कविता पोचलेली नसते, एवढे इतक्या वर्षांच्या अनुभवावरून मला कळते.

12 जुलै 2024

तीच कविता पुन्हा घेतली, पण या वेळी फळा कोराच ठेवला. मी दोनदा सावकाश वाचली आणि मुलांना डोळे मिटून दिसेल ते सांगायला लावले.

‘चार घरांचे गांव चिमुकले’ ही ओळ येताच मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “गुरुजी, चार घरांना ग्रामपंचायत मिळत नाही. ती ग्रुप ग्रामपंचायत असणार.” त्यावर त्या गावाला शाळा असेल का, नळ असेल का, रेशनचे दुकान कुठे असेल, यावर वर्गात चांगलीच चर्चा झाली. ती मी थांबवली नाही, कारण ‘पायवाट पांढरी’ त्या गावातून कुठे जाते हे शोधण्यासाठी मुले कवितेकडे आपणहून परत वळली. ती वाट काळ्या डोहाकडे जाते, हे त्यांनी स्वतः शोधून काढले.

खरी गंमत शेवटच्या ओळीत झाली. ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’ हे वाचल्यावर एका मुलीने विचारले, “त्याला ‘असला’ का म्हटलंय? त्यानं काय केलंय?” आमच्याकडे ‘असला’ हा शब्द बहुतेक वेळा रागावून वापरला जातो. ‘असला कसला रे तू’ हे वाक्य प्रत्येकाने घरी ऐकलेले असते. तिच्या शेजारणीने लगेच उत्तर दिले, “नदीत पाय सोडून बसलाय, म्हणून आई त्याला वरडायला लागलीय.” कृष्णाकाठच्या मुलांना पाण्यात पाय सोडून बसण्यावरून काय ऐकावे लागते हे सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे वर्ग पाच मिनिटे हसत होता.

माझ्या तोंडावर ‘असे नाही, असला म्हणजे अशा प्रकारचा’ हे उत्तर आले होते. ते मी गिळले आणि विचारले, “आई वरडते तेव्हा तिला राग असतो का काळजी?” मुले जरा वेळ गप्प झाली. मग तीच मुलगी म्हणाली की त्याच्या भोवती काळोख पसरलाय आणि तो एकटाच बसलाय, म्हणून काळजी. कवितेतल्या ‘गोड काळिमा’ या शब्दांजवळ मी चार तारखेला पंचवीस मिनिटे फळ्यावर लिहूनही पोचलो नव्हतो.

तास संपताना आणखी एक प्रश्न निघाला. पलूस तालुक्यातले औदुंबर हे दत्तक्षेत्र आमच्या परिसरातले, त्यामुळे अर्ध्या वर्गाची खात्री होती की बालकवींनी ही कविता तिथेच बसून लिहिली. बालकवी खानदेशातले धरणगावचे आणि कवितेतला औदुंबर म्हणजे उंबराचे झाड, हे सांगितल्यावर मुले नाराज झाली. तेव्हा त्यांना वचन देऊन बसलो आहे की संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन भरते, तिथे घेऊन जाईन.

16 जुलै 2024

उद्या आषाढी एकादशी असल्यामुळे अभंग घेतला. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक जुळते, एवढेच सांगितले आणि बोटांवर मोजायला लावले. जोडाक्षर एकच मोजायचे यावर दहा मिनिटे भांडण झाले. हे आधीच सांगायला हवे होते.

वर्गाने मिळून पहिला अभंग केला तो असा :

शाळेची ही घंटा । वाजेना वाजेना ।
गुरुजी ऐकेना । काय करू ॥

अक्षरे बरोबर आहेत, यमक बरोबर आहे. ‘ऐकेना’ ऐवजी ‘ऐकेनात’ हवे हे एकीने सांगितले, पण तिने स्वतःच मोजून पाहिले की मग सात अक्षरे होतात, आणि आदरार्थी रूप मागे घेतले. व्याकरण आणि छंद यांची ओढाताण मला कधी इतक्या सोप्या रीतीने समजावता आली नव्हती.

8 ऑगस्ट 2024

मधले दोन आठवडे पावसाने आणि चाचणी परीक्षेने गेले. त्यानंतर अक्षरगणवृत्ते, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांचा क्रम ठरलेली वृत्ते, सुरू केली आणि पुन्हा उलट्या बाजूने सुरू केली. ‘यमाताराजभानसलगा’ हे तीन-तीन अक्षरांचे गण ओळखण्याचे सूत्र पाठ करून घेण्यात दोन तासिका खर्च केल्या. मुलांना सूत्र आले, वृत्त आले नाही. हे कुणीही करू नये.

तिसऱ्या तासिकेला सूत्र बाजूला ठेवले. ऱ्हस्व अक्षराला मांडीवर एक चापट, दीर्घ अक्षराला दोन हातांची टाळी, असे ठरवले आणि समर्थांच्या मनाच्या श्लोकांतली ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ ही ओळ घेतली. ती घरोघरी म्हटली जाते, त्यामुळे चाल सगळ्यांना येते. चापट, टाळी, टाळी असे चार वेळा झाले की भुजंगप्रयात वृत्ताची ओळ पुरी होते. ‘सज्जना’तला ‘स’ ऱ्हस्व असून त्याला टाळी का, हे त्यांना कानाने आपोआप कळले, कारण पुढच्या जोडाक्षराचा जोर त्या ‘स’वर येतो.

भुजंगप्रयात म्हणजे सापाची चाल, असे मी सांगितले. त्यावर रोज उसात पाणी पाजायला जाणारा एक मुलगा गंभीरपणे म्हणाला, “गुरुजी, साप असा थांबत थांबत जात नाही. हे बेडकाचं चालणं आहे.” वर्ग हसला, पण त्याचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. आम्ही टाळ्यांच्या नादात ओळीचे चार तुकडे करून टाकले होते. मग टाळ्या बंद करून अख्खी ओळ एका श्वासात म्हणून पाहिली, तेव्हा तो म्हणाला, “आता जरा सापावानी वाटतंय.” टाळ्या फक्त शिकताना वापरायच्या आणि म्हणताना सोडून द्यायच्या, हा नियम त्या दिवसापासून केला आहे.

13 ऑगस्ट 2024

वर्ग भुजंगप्रयातात बोलू लागला आहे. हे आपोआप झाले. खिचडीच्या वेळी एक मुलगा ताट धरून त्याच चालीत म्हणाला :

मला आज भाजी नको दोडक्याची

मी मनातल्या मनात मोजले तर ओळ बिनचूक होती. पण दुसऱ्या मुलाने तक्रार केली की ‘दोडक्याची’ या शब्दात ‘ड’च्या पुढे जोडाक्षर आहे, म्हणजे ‘ड’ गुरू (दीर्घ) झाला आणि वृत्त मोडले. हा आक्षेप फार चांगला आहे आणि शिकवणाऱ्याने त्याची तयारी ठेवलीच पाहिजे. मी दोघांना ‘सज्जना’ आणि ‘दोडक्याची’ हे शब्द मोठ्याने म्हणायला लावले आणि जोर कुठे येतो ते ऐकायला सांगितले. ‘सज्जना’त ‘स’वर आघात येतो, ‘दोडक्या’त ‘ड’वर येत नाही, म्हणून तो लघूच (ऱ्हस्वच) राहतो. नुसते जोडाक्षर पुढे असून भागत नाही, आघात लागतो. खिचडी वाढणाऱ्या मावशींनी हे सगळे ऐकून घेतले आणि दोडक्याची भाजी मात्र वाढलीच.

परवा एस.टी. उशिरा आल्यामुळे मला शाळेत पोचायला वीस मिनिटे उशीर झाला, तर वर्गाने एका सुरात स्वागत केले :

गुरूजी उशीरा कसे काय आले

यात ‘रु’ आणि ‘शि’ दोन्ही ओढून दीर्घ केले आहेत. वृत्तासाठी कवीला अशी मोकळीक असते, निबंधात नसते, हे त्याच ओळीवर सांगून टाकले. या एका ओळीने शुद्धलेखनाचा एक तास वाचला.

22 ऑगस्ट 2024

आज केंद्रप्रमुख साहेब भेटीला आले होते. बाहेर पाऊस पडत होता. त्यांनी वर्गाला विचारले की कवितेच्या तासाला काय केलेत, ते म्हणून दाखवा. तुकोबांच्या अभंगात शेवटी ‘तुका म्हणे’ येते तशी आपलीही नाममुद्रा हवी, असा मुलांचा हट्ट होता आणि कुणा एकाचे नाव नको म्हणून सगळ्यांनी मिळून ‘बाळ्या’ हे नाव घेतले होते. वर्ग उठून उभा राहिला आणि टाळांऐवजी पट्ट्या वाजवत म्हणू लागला :

बाळ्या म्हणे आता । सुटू द्या हो शाळा ।
आला पावसाळा । गळे छत ॥

‘गळे छत’ म्हणताना एकतीस बोटे एकदम वर गेली. साहेबांनी वर पाहिले. कोपऱ्यातल्या कौलातून पाणी ठिबकत होते आणि खाली लावलेल्या बादलीत टपटप पडत होते. मला घाम फुटला होता, पण साहेब मनापासून हसले, त्यांनी अक्षरे मोजून पाहिली, ‘सहा-सहा-सहा-चार, बरोबर आहे’ म्हणाले आणि शेरेबुकात दुरुस्तीच्या शिफारशीखाली तो अभंग जसाच्या तसा उतरवून घेतला. संतांनी आपले गाऱ्हाणे पांडुरंगापुढे याच छंदात मांडले होते, हे मुलांना पुढच्या तासाला सांगितले.

19 सप्टेंबर 2024

गणपतीच्या सुट्टीत प्रत्येकाने स्वतःची एक कविता लिहून आणायची होती. हा भाग सर्वांत जास्त फसला.

एकतीसपैकी चोवीस जणांनी कविता आणल्या. त्यांतल्या नऊ मोबाइलवरून उतरवलेल्या होत्या आणि पाच एकच होत्या. कुणावर ओरडण्याआधी सगळ्यांना म्हणायला लावले. पाचवा मुलगा आईवरची कविता हातवारे करून, डोळे मिटून म्हणत होता आणि शेवटी त्याच भावनेने, हात छातीवर ठेवून म्हणाला, “अधिक वाचा.” त्याने पडद्यावर दिसले ते सगळे उतरवले होते आणि ती कवितेचीच शेवटची ओळ आहे असे त्याला खरोखर वाटले होते. मी विचारले की या ओळीचा अर्थ काय, तर म्हणाला, “आईबद्दल अजून वाचायला पायजे.” वर्ग हसून हसून बाकावर पडला. त्याचा चेहरा उतरलेला पाहून मी सांगितले की इतरांनी नुसती नक्कल केली, याने निदान अर्थ लावला. तो अर्थ खोटाही नव्हता.

चूक माझ्या सूचनेत होती. ‘आई’, ‘पाऊस’, ‘माझी शाळा’ असे विषय दिले की मूल शोधायला जाते, कारण त्या विषयांवर आधीच हजारो कविता पडलेल्या असतात. शिवाय यमक हवेच असे मी म्हटले होते, त्यामुळे सात कवितांत आई ही दुधावरची साई होती. त्यांतल्या एकीत तिसरी ओळ होती, ‘तिला नेहमीच घाई’. ती यमकासाठीच आली होती, पण खरी होती. मी त्या मुलाला विचारले, कसली घाई? तो म्हणाला, सहाच्या आत डेअरीला दूध घालायला लागतं, उशीर झाला की दूध घेत नाहीत. मग साई बाजूला ठेवून घाईवरच लिहायला सांगितले. दोन दिवसांनी त्याने हे आणले :

सहाची डेअरी, आईला घाई
म्हशीला मात्र घाईच नाही

या दोन ओळी मी फळ्यावर लिहिल्या आणि आठवडाभर पुसल्या नाहीत. नवी सूचना अशी केली की विषयाऐवजी घरातले एक दृश्य आणायचे आणि यमक जुळले नाही तरी चालेल.

4 ऑक्टोबर 2024

काल केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. परिपाठात ही बातमी सांगितली. एका मुलीने काळजीने विचारले, “गुरुजी, म्हणजे आता मराठीचा पेपर अवघड निघणार का?” तसे काही होणार नाही असे सांगितल्यावर तिने टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनी वाजवल्या.

25 नोव्हेंबर 2024

दिवाळीची सुट्टी आणि त्यानंतर विधानसभेच्या निवडणुकीचे काम, यांत जवळजवळ महिना गेला. 20 तारखेला मतदान होते, त्याआधी प्रशिक्षणे झाली. हस्तलिखितासाठी त्या वेळेपर्यंत वीस कविता पक्क्या व्हायला हव्या होत्या, प्रत्यक्षात अकरा आहेत. कामाचे वेळापत्रक आखताना सातवीच्या शिक्षकाने नोव्हेंबर महिना धरूच नये.

5 डिसेंबर 2024

कारखाने सुरू झाले आणि बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. गावाबाहेरच्या कोप्यांवरून, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपड्यांवरून, चार मुले सातवीत दाखल झाली, पट 35 झाला. मार्चपर्यंत ती आमच्याकडे असतील.

बहिणाबाईंची ‘अरे संसार संसार’ घेतली. पहिल्या दोन ओळी वाचून मी थांबलो : ‘जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके तव्हा मिळते भाकर’. म्हशीच्या कवितेचा तोच मुलगा हात वर करून म्हणाला, “गुरुजी, ह्यात दोन तवे आहेत.” कुठे, विचारल्यावर त्याने पुस्तकावर बोट ठेवले. “हा पहिला तवा, ह्यानं चटके बसतात. आणि हा दुसरा तव्हा, ह्यावर भाकर मिळते.” त्याने ‘तव्हा’ म्हणजे ‘तेव्हा’ हे न ओळखता बहिणाबाईंच्या लेवा बोलीतला तवा मानला होता. माझ्यासकट सगळे हसले. मी त्याला अर्थ सांगितला, पण त्याला तो फारसा पटलेला दिसला नाही.

मग तक्रार आली की बहिणाबाईंनी चूक केली आहे, ‘भाकर’ नव्हे, ‘भाकरी’ पाहिजे. तेव्हा तीन दिवस एक शब्दही न बोललेली बीडची मुलगी भिंतीकडून म्हणाली, “आमच्यात भाकरच म्हणतेत.” सगळे तिच्याकडे वळले. “आणि भाकरी म्हटलं तर काय होतं?” असे कुणीतरी विचारले. ती म्हणाली, “काही होत नाही. पोट तेवढंच भरतं.” हे तिने सहज सांगितले आणि तिलाच हसू आले. चुलीवर भाकर ती स्वतः भाजते. हाताच्या पाठीवरचा पोळल्याचा जुना डाग तिने शेजारणीला दाखवला आणि मग त्या बाकावर चटक्यांचे डाग दाखवण्याची रांगच लागली. मला त्या ओळीचा अर्थ सांगावा लागला नाही.

12 डिसेंबर 2024

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरच्यांनी उतरून घेतल्या आणि पुस्तक निघाले ते 1952 साली, त्यांच्या निधनानंतर, असे मुलांना सांगितले. त्यावरून हे सुचले की प्रत्येकाने घरातल्या किंवा शेजारच्या एका आजीकडून जात्यावरच्या ओव्या लिहून आणाव्यात. ही सूचना सर्वांत जास्त फळली. आठवड्यात 43 ओव्या जमल्या आणि त्यांत मोबाइलवरची एकही नव्हती.

एका आजीने ओव्यांच्या कागदाला आधार कार्डाची झेरॉक्स आणि बँकेच्या पासबुकाचे पहिले पान टाचून पाठवले. सध्या लाडकी बहीण योजनेची गावात चर्चा आहे आणि शाळेतून नाव मागवले म्हणजे काहीतरी मंजूर होणार असा त्यांचा समज झाला. मी स्वतः घरी जाऊन कागद परत केले. आजी म्हणाल्या, “पैसे नसंना का, नाव छापणार नव्हं?” त्यांनी तिथल्या तिथे आणखी दोन ओव्या सांगितल्या. ओवी मागताना ‘कशासाठी’ ते दोन ओळींत लिहून द्यायला हवे होते. ती चिठ्ठी आता तयार केली आहे.

19 डिसेंबर 2024

बीडच्या मुलीने तिच्या आजीच्या चालीवर स्वतः ओवी केली :

उसाच्या गं फडामंदी पाचटाची गादी केली
बाई पाचटाची गादी केली, धाकट्याला नीज आली

पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला. एकाने विचारले, पाचट टोचत नाही का? ती म्हणाली, “टोचतं. पण धाकटा झोपतो.” दुसऱ्याने विचारले की मध्येच ‘बाई’ कशाला? तिने उत्तर दिले, “अक्षर कमी पडलं की आजी ‘बाई’ घालती.” पादपूरक शब्द म्हणजे काय, याची इतकी नेमकी व्याख्या मी कुठे वाचलेली नाही.

झाले असे की मुलांना हे औषध सापडले. जिथे अक्षर कमी तिथे ‘बाई’. तासाच्या शेवटी पस्तीस मुले एकदम ‘बाई डेअरी, बाई म्हैस, बाई दोडका’ असे म्हणत होती, तेव्हा शेजारच्या वर्गातल्या आमच्या सहकारी शिक्षिका, ज्यांना सगळी शाळा बाई म्हणते, दारात येऊन विचारू लागल्या, “मला कोण एवढं बोलवतंय?” खुलासा ऐकल्यावर त्या खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी माहेरच्या चार ओव्या म्हणून दाखवल्या. त्यांना ओव्या येतात हे मला सहा वर्षांत ठाऊक नव्हते.

14 जानेवारी 2025

वचनाप्रमाणे संक्रांतीला नऊ मुलांना घेऊन औदुंबरला गेलो. बाकीच्यांना घरून परवानगी मिळाली नाही. संमेलनातली भाषणे मुलांना लांब वाटली, कविता मात्र त्यांनी शांतपणे ऐकल्या. एका कवीने ओळ म्हटल्यावर आमच्या दोघांनी बोटे मोजायला सुरुवात केली.

नंतर नदीकडे गेलो. मुलांनी उंबराचे झाड शोधले, ते पाण्यापासून बरेच वर होते. मला वाटले होते की पुन्हा नाराज होतील. पण ‘असला’चा प्रश्न विचारणारी मुलगी झाडाकडे बघून म्हणाली, “थंडी आहे, म्हणून पाय वर घेतलेत.” मी ते तिथेच वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतले आणि तिला सांगितले की ही तुझी कविता, याला आणखी काही जोडू नकोस.

6 फेब्रुवारी 2025

पाने लिहायला घेतली. प्रत्येक मुलाने आपले पान स्वतःच्या अक्षरात लिहायचे आणि चित्रही स्वतःच काढायचे. तीस कार्डशीट 300 रुपयांना आणि स्केचपेनच्या चार पेट्या 240 रुपयांना पडल्या.

18 फेब्रुवारी 2025

इथे पैसे वाया गेले. घाईने दोन प्रतींची झेरॉक्स काढून आणली, 96 पाने, 192 रुपये. पेन्सिलने लिहिलेल्या कविता जवळजवळ दिसतच नव्हत्या आणि पिवळ्या, आकाशी स्केचपेनची चित्रे पूर्ण गायब झाली होती. म्हशीच्या कवितेत म्हैस उरली होती, आई नाहीशी झाली होती, कारण आईचे लुगडे आकाशी रंगाचे होते. मुलाने ते पाहून म्हटले, “आई डेअरीला गेली.” हसून झाल्यावर सगळ्या पानांवर काळ्या पेनाने पुन्हा गिरवायला बसलो. तीन दिवस गेले. आधी एकच पान झेरॉक्स करून पाहायचे, मग सगळी लिहायला घ्यायची, हे ध्यानात ठेवावे.

25 फेब्रुवारी 2025

उद्या महाशिवरात्रीची सुट्टी आहे आणि झेरॉक्सवाला बंद ठेवणार आहे, हे आज दुपारी कळले. शाळा सुटल्यावर तालुक्याला जाऊन रात्री आठपर्यंत थांबलो. चार प्रती, प्रत्येकी 48 पाने, 384 रुपये, स्पायरल बाइंडिंगचे 200 रुपये. वाया गेलेले धरून एकूण खर्च 1,316 रुपये झाला. औदुंबरचे तिकीट यात नाही.

27 फेब्रुवारी 2025

कार्यक्रम झाला. कागद टाचून पाठवणाऱ्या आजी पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि स्वतःचे नाव असलेले पान त्यांनी तीन जणींना वाचून दाखवायला लावले. ‘बाळ्या म्हणे’ सुरू झाल्यावर अख्ख्या सभेने वर पाहिले. कौले दिवाळीच्या सुट्टीत बदलली आहेत, तरी मुलांनी तो अभंग बदलायला नकार दिला.

बीडच्या मुलीची ओवी तिने स्वतः म्हटली. एक प्रत तिच्याकडे दिली आहे, कारण टोळी पंधरा दिवसांत परत जाईल. ती प्रत ती कोपीवर पत्र्याच्या पेटीत ठेवणार आहे असे तिने सांगितले.

कार्यक्रमानंतर बहिणाबाईंच्या कवितेवरचे पान पाहिले. चित्र दोन तव्यांवाल्या मुलाचे होते. चुलीवर एक तवा आणि भिंतीला टेकून ठेवलेला दुसरा. मी त्याला विचारले की डिसेंबरात सांगितले होते ना, ‘तव्हा’ म्हणजे ‘तेव्हा’. तो म्हणाला, “ते कळलंय, गुरुजी. पण आमच्यात दोनच आहेत. भाकरीचा जाड, चपातीचा पातळ. भाकरीचा दुसऱ्या कशाला कुणी वापरू नये म्हणून आई टेकवून ठेवती.” पान तसेच राहू दिले.